ब्लॅक रॉक वाळवंट: काळोखात सोडलेली रॉकेटं

बुधवार

वॉड्सवर्थला महामार्ग सोडून ४४७ क्रमांकाचा रस्ता धरला की मोबाइलचा सिग्नल भरवशाचा राहत नाही. काकांनी तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली. "पेट्रोल भरून घ्या, पाण्याचे कॅन मोजा, आणि ज्याला कोणाला फोन करायचाय त्याने आत्ता करा. पुढे मला विचारायचं नाही." काका आमच्या रॉकेट क्लबातले सगळ्यात जुने. नोकरी लेथ मशिनवर गेली, निवृत्त झाल्यावर या नादाला लागले, आणि नात्याचे कोणी नसले तरी आम्हा सगळ्यांचे काकाच. मागे माझा धाकटा भाऊ दोन ट्रायपॉड मांडीवर घेऊन अवघडून बसला होता. डिकीत नळ्या, पॅराशूटं आणि अवजारांच्या पेट्यांनी बोट शिरायला जागा ठेवली नव्हती.

निघालो होतो अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात. सप्टेंबर संपत आलेला, अमावास्या शनिवारी. दिवसा तिथे रॉकेटं उडवणारे पुष्कळ. या खेपेला क्लबने रात्रीच्या उड्डाणांचीही परवानगी मिळवली होती. दिवसाची उड्डाणं मला नवी नव्हती. रात्रीसाठी मात्र महिनाभर दिव्यांची जुळवाजुळव चालली होती.

रस्ता पायूट या मूळनिवासी लोकांच्या हद्दीतून जातो. डावीकडे पिरॅमिड लेक अधूनमधून निळं चमकतं. १८४४ मध्ये फ्रीमाँट या शोधप्रवाशाने त्यातल्या टोकदार खडकाळ बेटावरून ते नाव ठेवलं. उजवीकडे विनेमका तळ्याची नुसती खोबण उरली आहे. १९०५ च्या डर्बी धरणाने ट्रकी नदीचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि पुढच्या काही दशकांत हे तळं आटून गेलं. हिमयुगात ही सगळी खोरी लाहोंटन नावाच्या एकाच अफाट सरोवराखाली होती. डोंगरांच्या अंगावर त्याच्या जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेषा अजून स्पष्ट दिसतात. आपण सरोवराच्या तळातून गाडी हाकतोय हे एकदा कळलं की त्या रेषांवरून नजर हटत नाही.

एम्पायर गाव लागलं. जिप्समच्या कारखान्यासाठी वसलेलं हे गाव २०११ मध्ये कारखाना बंद पडला तसं ओस पडलं, टपाल खात्याने त्याचा झिप कोडसुद्धा रद्द केला. त्यानंतर गर्लाक, आणि मग रस्ता सोडून थेट कोरड्या तळावर. इथे रस्ता नसतोच. जीपीएसवर एक दिशा धरायची आणि जायचं. मागे धुळीचा पडदा इतका उंच उठतो की मागच्या गाडीने दोनशे-तीनशे मीटर तरी अंतर ठेवावं लागतं. तंबू ठोकेपर्यंत अंधार पडला. जेवलो आणि झोपलो.

गुरुवार

सकाळी बाहेर आले तर कुठल्याच दिशेला काही नाही. झाड नाही, दगड नाही, गवताची काडी नाही. वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर वाळू येते. इथे वाळू नाहीच, वाळलेला गाळ आहे, वीतभर रुंदीच्या बहुकोनी तुकड्यांत तडकलेला. भेगेची कड नखाने उचलली की वरचा थर पापडासारखा कडकन मोडतो. खालची माती इतकी बारीक की बोटांच्या ठशांमधल्या रेषांत भरून बसते आणि नुसत्या पाण्याने जात नाही. माती अल्कलीयुक्त आहे. दिवसभर अनवाणी चाललं तर टाचा फुटतात, म्हणून जुनी मंडळी पाण्यात व्हिनेगर घालून पाय धुतात.

अंतराचा अंदाज इथे साफ चुकतो. समोरचा डोंगर तासाभराच्या चालीवर वाटतो, निघतो वीस किलोमीटरवर. १८४९ साली सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे निघालेल्यांचे बैलगाड्यांचे तांडे याच पट्ट्यातून गेले. उन्हापासून वाचायला त्यातले पुष्कळ रात्रीच चालत, तरी वाटेत जनावरं मरून पडत. सपाटी आणि ओसाडपणा, त्यांना जे नकोसं होतं तेच आम्हाला हवं असतं. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीनने थ्रस्ट एसएससी ही जेट गाडी इथेच ताशी १,२२८ किलोमीटर वेगाने पळवून जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला. १७ मे २००४ रोजी एका हौशी गटाचं गोफास्ट रॉकेट इथून सुटलं आणि ११६ किलोमीटरवर पोचलं. हौशी लोकांनी अवकाशाची १०० किलोमीटरची रेषा ओलांडण्याची ती पहिली वेळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आफ्टरशॉक-२ इथूनच १४३ किलोमीटरपर्यंत नेलं. आमचा कारभार एक-दोन किलोमीटरचा, पण जमीन तीच.

दुपारपर्यंत पॅड, म्हणजे रॉकेटं सोडायचे स्टँड, मांडून झाले. मोटर म्हणजे रॉकेटमधली इंधनाची नळी. मोटर्सना अक्षरं असतात आणि एकेका अक्षराला त्यांच्या एकूण रेट्याची कमाल मर्यादा दुप्पट होते: एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, आय ६४० पर्यंत, जे १,२८० पर्यंत, के २,५६० पर्यंत, असंच पुढे. एच आणि आयसाठी पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. जे, के, एलसाठी दुसऱ्या पातळीचं, त्याला लेखी परीक्षाही असते. एमपासून तिसरी पातळी सुरू होते आणि तिथे तुमचं डिझाइन आधी जाणकारांच्या नजरेखालून जातं. माणसांपासूनचं किमान अंतरही अक्षरावरच ठरतं. जे मोटरला ३० मीटर, केला ६०, एलला ९०, एमला १५०. रात्रीसाठी आमच्या क्लबने याहून कडक नियम लावले होते: जेपेक्षा मोठी मोटर नाही, एका वेळी एकच रॉकेट, आणि पॅड नेहमीपेक्षा कितीतरी लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

रात्रीची परवानगी वेगळी का काढावी लागते? एफएए या अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याच्या नियमांत अशी मोठी रॉकेटं सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात खास मंजुरीशिवाय उडवता येत नाहीत. १२५ ग्रॅमपर्यंत इंधन असलेल्या छोट्या मॉडेल रॉकेटांना ही अट नाही. मोठ्या रॉकेटांना आणखीही अटी आहेत: आभाळ निम्म्याहून अधिक ढगाळ नको, ढगात रॉकेट घालायचं नाही, आणि आडवी दृश्यता पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटरच्या खाली नको. ही शेवटची अट लक्षात असू द्या, शुक्रवारी तिनेच आमची वाट अडवली.

चारच्या सुमारास सावलीत टेबल टाकून दिव्यांचं काम काढलं. रात्रीच्या रॉकेटचा जीव या दिव्यांत असतो, म्हणून जरा बैजवार सांगते.

आमचं रॉकेट माणसाच्या उंचीचं, दहा सेंटिमीटर व्यासाचं, मोटरसकट पाच किलोच्या आतबाहेर. शिखरावर पोचलं की आतल्या अल्टिमीटरला, म्हणजे उंची मोजणाऱ्या यंत्राला, हवेचा दाब घटायचा थांबल्याचं कळतं आणि तो चिमूटभर बंदुकीची दारू पेटवतो. रॉकेट मधोमध सुटतं, दोन्ही भाग एका लांब पट्ट्याने जोडलेलेच राहतात आणि एक छोटं पॅराशूट बाहेर पडतं. छोटं अशासाठी की ते भरभर खाली यावं, नाहीतर वारा त्याला पार दुसऱ्या टोकाला नेऊन टाकेल. जमिनीपासून दोनशे मीटरवर दुसरा बार उडतो, मोठं पॅराशूट उघडतं आणि मग ते सावकाश उतरतं. दिवसा यातलं काहीच धड दिसत नाही. रात्री दिसावं म्हणून दिवे नुसते लावून भागत नाही, ते वाचता आले पाहिजेत.

काकांची पद्धत अशी: नाकाच्या भागात लाल दिवा, शेपटीकडे हिरवा. वर जाताना दोन्ही दिवे एका रेषेत आणि सारख्याच अंतरावर दिसतात. शिखरावर रॉकेट सुटलं की ते एकमेकांपासून लांब होतात आणि झुलायला लागतात. म्हणजे समजायचं, छोटं पॅराशूट बाहेर आलं. दोन्ही दिवे तसेच जवळजवळ, ताठ आणि खाली येताना दिसले तर समजायचं की काही सुटलेलं नाही.

"पांढरे दिवे का नको?" भावाने विचारलं.

"वर बघितलंस का रात्री?" काका म्हणाले. "पांढरे दिवे आधीच हजारो आहेत तिथे."

दिव्यांना वेगळी बॅटरी, अल्टिमीटरला वेगळी, आणि दोन्हींच्या तारा एकमेकींपासून लांब. मी म्हटलं, एकाच लिथियम बॅटरीवर दोन्ही चालतील की, तेवढंच वजन वाचेल. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "चालतील गं. पण दिव्याने वीज खाल्ली आणि अल्टिमीटर झोपला तर काय होईल? दिवा शेवटपर्यंत छान दिसेल, जमिनीत शिरेपर्यंत."

भावाची हौस निराळी. त्याने हिरवा दिवा सेकंदाला पाचदा लुकलुकेल असा केला. कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंद उघडं ठेवलं की त्या दिव्याची रेघ उमटणार नाही, ठिपके उमटतील. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे पंचमांश सेकंदात कापलेलं अंतर. वेग मोजायला दुसरं यंत्र नको.

शुक्रवार

वारा. सकाळी दहापर्यंत लोकांची तीन-चार उड्डाणं झाली आणि मग नैर्ऋत्येकडून धूळ उठली. अर्ध्या तासात शेजारचा तंबू दिसेनासा झाला. पॅड उतरवले, रॉकेट ज्यावर उभं करतात ते रेल आडवे केले आणि सगळे आपापल्या गाड्यांत जाऊन बसले. अशा धुळीत गाडी चालवायची नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं, हा इथला पहिला नियम.

गाडीत काकांनी मोटर्सची जुनी कोर्टकचेरी सांगितली. या मोटर्समधलं इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि रबरी बाइंडर यांचं घट्ट मिश्रण. ते जळतं, फुटत नाही. तरी एटीएफ या सरकारी खात्याने ते स्फोटकांच्या यादीत घातलं होतं, त्यामुळे मोठ्या मोटर्स बाळगायला स्फोटकांचा परवाना आणि कोठार अशा अटी आल्या. देशातल्या दोन मोठ्या हौशी संघटनांनी २००० साली खटला भरला. मार्च २००९ मध्ये निकाल लागला: खात्याला आपलं म्हणणं नीट सिद्ध करता आलं नाही, वर्गीकरण रद्द. नऊ वर्षं वर्गणी काढून वकिलांची बिलं भरणाऱ्या मंडळींबद्दल काका फार आदराने बोलतात, आणि ते रास्तच आहे. त्यांनी नेट धरला नसता तर आमच्यासारख्या नवख्यांना हा छंद परवडलाच नसता.

संध्याकाळी वारा पडला, पण धूळ हवेत लटकून राहिली. आठ किलोमीटरवरचा डोंगर दिसत नव्हता. उड्डाणप्रमुखांनी दुर्बीण खाली ठेवली आणि रात्रीचा कार्यक्रम रद्द केला. कोणी हुज्जत घातली नाही. नाकातोंडात धूळ घेऊन झोपलो.

शनिवार

पहाटेच आभाळ धुतल्यासारखं निघालं. सकाळी के मोटर घालून आमचं रॉकेट उडवलं, कारण रात्रीआधी सगळी यंत्रणा एकदा चालवून बघायची होती. दिवसाचं उड्डाण कसं असतं, तर बटण दाबलं, कान फाडणारा आवाज, पांढऱ्या धुराचा खांब, आणि तीन सेकंदांत रॉकेट निळ्या आभाळात नाहीसं. पुढचा सगळा वेळ शंभर माणसं माना वर करून रिकाम्या आकाशाकडे बघत असतात. कोणी म्हणतं "ते बघ", कोणी म्हणतं "कुठे?" दोन किलोमीटर वर गेलेलं रॉकेट शेवटी जीपीएसच्या भरवशावर दीड किलोमीटर लांब सापडलं; मृगजळात ते शंभर पावलांवरूनही दिसत नव्हतं. एक फिन, म्हणजे शेपटीचा पंख, खरचटला होता, बाकी ठीक.

दुपारभर साफसफाई आणि नवी मोटर भरणं. रात्रीची मोटर जे वर्गातली, हिरव्या ज्वाळेची. बेरियमच्या संयुगामुळे ज्वाळा हिरवी होते, स्ट्रॉन्शियमने लाल. टायटॅनियमचे कण घातलेल्या मोटर्स ठिणग्यांचा पिसारा सोडतात. गवताळ रानात त्यांना मनाई असते, कारण आग लागेल. इथे पेटायला काहीच नाही.

सूर्य सातच्या सुमारास मावळला. उड्डाणप्रमुखांनी हवाई नियंत्रण केंद्राला फोन करून वेळ कळवली. मग सूचना झाल्या. बहुतेक माहीतच होत्या. एक मात्र मी पहिल्यांदा ऐकली. "दिवा सरकताना दिसला तर घाबरू नका. जो दिवा एका जागी स्थिर दिसतो आणि मोठा होत जातो, तो तुमच्याकडे येतोय. त्याच्या वाटेतून आडव्या दिशेला सरका." अंधारात उंची कळत नाही, अंतर कळत नाही, तेव्हा हाच एक आधार.

साडेआठला पुरता काळोख झाला. पॅडकडे जाणाऱ्या वाटेवर दर वीस पावलांवर हिरव्या प्रकाशकांड्या टाकल्या होत्या, आधाराच्या दोऱ्यांनाही बांधल्या होत्या, कोणी अडखळू नये म्हणून. डोक्यावर फक्त लाल दिवे. पांढरा दिवा लावला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि एकाने लावला तरी शेजारच्या दहांचं नुकसान. पण लाल उजेडाची एक गंमत आहे: त्यात लाल शाई दिसत नाही. दिवसा लाल मार्करने केलेल्या खुणा कागदावरून पुसल्याप्रमाणे नाहीशा होतात. काकांनी सगळ्या खुणा काळ्या शाईने का करायला लावल्या होत्या ते पॅडशी उभं राहिल्यावर कळलं.

आमच्या आधी पाच-सहा रॉकेटं गेली. पहिलं लाल ज्वाळेचं. रात्री ज्वाळा किती लांब असते ते तेव्हा समजतं. दिवसा हातभर वाटणारी शेपूट रॉकेटच्या उंचीहून मोठी निघाली. ज्वाळा विझली तरी दिवा वर जातच राहिला, मंदावत, मंदावत, आणि अगदी थांबल्यावर तिथे एक नारिंगी ठिणगी चमकली. तो शिखरावरचा बार. दिवसा तो कधी दिसत नाही. लोकांनी मनात मोजायला सुरुवात केली: एक, दोन, अडीच... टप्प. आवाज खाली पोचला. प्रत्येक सेकंदामागे साधारण ३३५ मीटर. बसल्या जागी उंची निघाली.

चौथं रॉकेट ठिणग्यांच्या मोटरचं होतं, एका अनोळखी गृहस्थांचं. सोनेरी फवारा असा सुटला की सगळ्यांनी आरोळी ठोकली. त्याला एकच पांढरा दिवा होता. तो वर गेला, ताऱ्यांत मिसळला, पुन्हा सापडला, थांबला. सगळे ठिणगीची वाट बघत होते. ठिणगी आली नाही.

माइकवरून आवाज आला: "बार झालेला नाही. सगळे उभे राहा, दिव्यावर नजर ठेवा."

दिवा खाली येत होता. मी सूचनेतलं वाक्य आठवून तो स्थिर आहे का ते बघत होते. तो डावीकडे सरकत होता, आधी हळू आणि मग फार झपाट्याने. हवा चिरल्याचा बारीक सूं आवाज आला, लांब कुठेतरी जड धप्प झालं, आणि दिवा गेला. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलंही नाही. उड्डाणं थांबवली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी उरलेल्या सगळ्या रॉकेटांचे अल्टिमीटर आणि बॅटऱ्यांची कनेक्शनं पुन्हा तपासली. मला ही अर्ध्या तासाची थांबणूक अख्ख्या रात्रीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली. ते रॉकेट शोधायला रात्री कोणाला जाऊ दिलं नाही. न उडालेली दारू आत असणार होती.

मग आमचा नंबर. भाऊ कॅमेरा घेऊन पाऊण किलोमीटर बाजूला जाऊन बसला होता, कारण पॅडशेजारून नऊशे मीटर उंची एका चौकटीत मावत नाही. वॉकीटॉकीवर तो सारखा विचारत होता, "ताई, झालं का?" रॉकेट रेलवर सरकवलं, उभं केलं, माणसांपासून किंचित लांब कललेलं. अल्टिमीटरचे स्विच चालू केले, एकाला दुसरा जोडीला म्हणून दोन अल्टिमीटर. प्रत्येक जण आधी आपली सेटिंग वाजवून दाखवतो आणि मग तीन-तीन छोट्या बीप देत राहतो: दोन्ही बारांच्या तारा जोडलेल्या आहेत. दोघांच्या बीप एकमेकांत मिसळतात, म्हणून कान नळीला लावून एकेकाच्या वेगळ्या ऐकाव्या लागतात. नंतर, आणि हे नेहमी सगळ्यात शेवटी, मोटर पेटवणारा इग्नायटर. बारीक तार, टोकाला काळा थेंब. तो नोझलमधून, म्हणजे मोटरच्या खालच्या तोंडातून, आत सारत मोटरच्या अगदी वरच्या टोकाला टेकेपर्यंत न्यायचा, कारण इंधन तिथून पेटलं तर ज्वाळा सगळ्या लांबीभर एकदम पसरते. काळी खूण नोझलच्या काठाशी आली. टोपण लावलं, क्लिपा अडकवल्या, नियंत्रकावरचा दिवा लागला.

"चल," काका म्हणाले. परत येताना आम्ही मुद्दाम मागे बघितलं नाही, डोळे सांभाळायचे होते.

पाच, चार, तीन, दोन, एक. क्षणभर काहीच नाही, मग नोझलशी हिरवा ठिपका, आणि जमीन सभोवार हिरवी झाली. भेगा दिसल्या, माणसांच्या सावल्या मागे लांबच लांब पडल्या. आवाज किंचित मागून आला. दोन सेकंदांत मोटर विझली आणि सगळं पुन्हा काळं, फक्त वर लाल दिवा आणि त्याच्याखाली लुकलुकता हिरवा. ते अभिजित ताऱ्याच्या उजव्या बाजूने वर सरकत गेले. मी श्वास धरून लाल-हिरव्यातलं अंतर बघत होते. थांबले. ठिणगी. एक, दोन, पावणेतीन, टप्प. आणि लाल दिवा हिरव्यापासून लांब झाला, एकदा इकडे झुलला, एकदा तिकडे.

"सुटलं," काका म्हणाले, आणि लगेच, "अजून निम्मंच झालंय, ओरडू नका."

जवळजवळ अर्धा मिनिट दोन्ही दिवे एकमेकांभोवती फिरत खाली येत राहिले. मग दुसरी ठिणगी, जवळून, मोठी, आणि दिवे धक्का बसून जवळपास थबकले. मोठं पॅराशूट. तिथून जमिनीपर्यंत आणखी अर्धा मिनिट. लाल टेकला, मग हिरवा. हिरवा जमिनीवरही लुकलुकतच होता, इतक्या सपाटीवर की गाडीत बसायचीही गरज नव्हती; सरळ त्याच्या दिशेने चालत गेलो. मी आजवर उडवलेल्या रॉकेटांत सुटल्यापासून टेकेपर्यंत एकदाही नजरेआड न झालेलं हे पहिलंच. दिवसाच्या उड्डाणात बघायला मिळतो तो आवाज आणि धूर. खरं काम, म्हणजे वर थांबणं, सुटणं, उघडणं, उतरणं, ते अंधारातच बघावं.

भावाचा फोटो लॅपटॉपवर उघडला तेव्हा पाच-सात जण टेबलाभोवती जमले. खाली ज्वाळेची जाड हिरवी पट्टी, वर ठिपके. सुरुवातीला लांब लांब, वर जाताना एकमेकांना चिकटत गेलेले, शिखराशी सगळे मिळून एकच डाग. तिथून खाली मात्र ठिपक्यांमधली अंतरं सगळी सारखी, कारण छोट्या पॅराशूटखाली पडण्याचा वेग वाढत नाही. एका बाजूला गुरुत्वाचं गणित, दुसऱ्या बाजूला हवेच्या विरोधाचं, एकाच फोटोत. पुस्तकात हे आलेख म्हणून शिकलो होतो.

रविवार

उजाडल्यावर ते पडलेलं रॉकेट शोधायला निघालो. नजर फिरवली तर एकच फिन जमिनीच्या वर, बाकी सगळं आत. सुरक्षा अधिकाऱ्यांनी आधी एकटं जाऊन बॅटऱ्या तोडल्या, बार निकामी केले, मग बाकीच्यांना बोलावलं. फावड्याने हातभर खणल्यावर नाक निघालं. चिकणमाती आत अजून किंचित ओलसर आणि थंड होती. कारण लगेच सापडलं: अल्टिमीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप उड्डाणाच्या झटक्याने निसटली होती. दिव्याची बॅटरी वेगळी, ती शाबूत. ते गृहस्थ स्वतःच म्हणाले, "दिवा मात्र शेवटपर्यंत छान चालला." मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी नंतर त्या गृहस्थांना बॅटरीला आडवा झिप टाय कसा बांधायचा ते दाखवलं, एवढंच.

खड्डा बुजवून, पाणी शिंपडून, पायाने दाबून सपाट केला. ही जमीन बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या ताब्यातली आहे आणि इथे काहीही मागे ठेवायचं नाही असा दंडक आहे. पुढच्या वर्षी कोणी इथून ताशी दोनशेने गाडी नेईल, त्याच्या चाकाखाली आपला खड्डा यायला नको. मग सगळ्यांनी हात-हात अंतरावर एक रांग करून अख्खा तळ पायाखाली घातला: इग्नायटरच्या तारा, टेपचे तुकडे, जळक्या कापडाच्या चिंध्या, विझलेल्या प्रकाशकांड्या. व्हिनेगरच्या पाण्याने पाय धुतले, रॉकेटचे पंख धुतले, धूळ तरी उरलीच.

गर्लाकपर्यंत गाडीत उंचीवरून वाद. एक अल्टिमीटर म्हणतो ९११ मीटर, दुसरा ९०३. ठिणगी ते आवाज, या हिशेबाने नऊशेच्या थोडं वर. भावाचे ठिपके मोजून ८८० निघतात. तो म्हणतो कॅमेऱ्याच्या लेन्सचा वाकडेपणा धरला तर फरक मिटेल. क्लबाच्या वहीत काकांनी ९०३ लिहिलं. दोन आकड्यांतला कमी तो लिहायचा, त्यांची पद्धत.

"पुढच्या वेळी लालही लुकलुकता कर," ते भावाला म्हणाले. "म्हणजे दोन्ही भागांचे वेग वेगवेगळे मिळतील."

"मग त्याचा ठेका वेगळा ठेवावा लागेल, काका. सेकंदाला आठ. त्यावर गेलं तर ठिपके चिकटतील."

"आणि बॅटरी?"

"वेगळी," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.